मशेरीचे अर्थशास्त्र

छावणीच्या आठवडी बाजारात दंतशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी मुखतपासणीचे शिबिर मांडले होते. त्यांच्या अभ्यासाबद्दल शंका घेण्यास जागा नाही. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटिन लवकर रक्तात उतरते, चिमूट जिथे धरावी तिथेच पांढरा चट्टा उमटतो, सुपारीने तोंड उघडेनासे होते, हे सारे त्यांना मुखोद्गत. परंतु माणसे तंबाखू का खातात, असे विचारले असता बहुतेकांचे उत्तर एकच आले: अज्ञान.

आम्हांस हे निदान अपुरे वाटते. बाई मशेरी लावू लागते ती पुष्कळदा दाढदुखीमुळे. दवाखाना गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते. तव्यावर भाजलेली तंबाखू घरातच असते. तिने वेदना बधिर होते, भूकही मरते. छावणीवरून वाळूजच्या कारखान्यांकडे जाणारा, बारा-बारा तास उभा राहणारा कंत्राटी तरुण ओठाखाली चिमूट धरतो, तीही याच हिशेबाने. ज्या मजुरीत पोटभर जेवण आणि पुरेशी झोप बसत नाही, तिची तूट तंबाखू भरून काढते, आणि त्याचा लाभ मालकाच्या पदरात पडतो. हे विद्यार्थ्यांना कोणी शिकवले नसेल, तर तो दोष त्यांचा नव्हे.

शासनाने केले ते बंदीपुरते. दंतमंजनात तंबाखू घालण्यास केंद्राने १९९२ मध्ये मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती उचलून धरली. पण घरच्या तव्याला ती कशी लागू होणार? महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखा बंद केला, तेव्हा सुपारी एका पुडीत आणि जर्दा दुसऱ्या पुडीत विकण्याची वाट व्यापाऱ्यांनी शोधली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातील सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे चार टक्क्यांच्या आसपास.

आपल्या चळवळीकडेही पाहिले पाहिजे. निपाणीच्या वखारींतील स्त्रियांच्या मजुरीबद्दल आणि १९८१ च्या आंदोलनात शेतकऱ्याच्या भावाबद्दल पुष्कळ बोलले गेले. खाणाऱ्याच्या तोंडाबद्दल क्वचितच. (आपल्या अभ्यासवर्गांतून चंची हातोहात फिरते, हे कोण नाकारील?)

छावणीत पुढचे शिबिर भरेल तेव्हा कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याने या मुलामुलींबरोबर बसावे. तपासणीच्या कागदावर दातांच्या रकान्याशेजारी कामाचे तास, रोजंदारी आणि जेवणाची सुट्टी असे तीन रकाने वाढवावेत. शिबिर संध्याकाळी, पाळी सुटल्यावर ठेवले तर कोणाची मजुरीही बुडणार नाही.