कापलेले पैसे जातात कुठे?

कारखान्यात नवा माणूस कामाला लागताना एकच प्रश्न विचारतो, "हातात किती पडतील?" त्याचं चूक नाही. घरभाडं, किराणा, पोरांची फी सगळं हातात पडणाऱ्या रकमेतूनच भागवायचं असतं. कापलेले पैसे म्हणजे बुडालेले पैसे, असा त्याचा साधा हिशोब. भोसरीतल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं करताना मला मात्र उलटं वाटतं. या कपातीतून जे मिळतं, तेवढं स्वस्त दुसरं काही नाही; पण ते समजावून सांगायला कुणाला वेळ नाही.

एक पगार घेऊ, १४,००० रुपयांचा. ईएसआयचे ०.७५ टक्के, म्हणजे १०५ रुपये कामगाराचे, ३.२५ टक्के, म्हणजे ४५५ मालकाचे. महिना ५६० रुपयांत कामगार, बायको, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांच्यावर उपचार होतात, तेही नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. रुग्णालयात रांगा असतात, कधी औषध बाहेरून आणावं लागतं, हे खरं. पण मधुमेह असलेल्या सत्तरीच्या आईसकट अख्खं कुटुंब या भावात कोणती विमा कंपनी घेईल?

शिवाय सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. हे ऐकून एका लेथ ऑपरेटरनं विचारलं, "मग टायफॉइडमध्ये मी महिनाभर बिनपगारी का बसलो?" तो खासगी डॉक्टरकडे गेला होता. ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला लागतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पीएफचंही तेच. आपले १२ टक्के कापतात हे सगळ्यांना पाठ. पण मालक विम्यापोटी आणखी अर्धा टक्का, म्हणजे या पगारावर ७० रुपये भरतो. नोकरीत असताना माणूस गेला, तर त्यातून वारसाला जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. घरी हे माहीतच नसेल, तर मागणार कोण? लग्नानंतर नॉमिनी नव्यानं नोंदवायचा असतो, तेही राहून जातं.

काही मालक हौसेनं ग्रुप मेडिक्लेम घेतात. चांगलंच आहे, पण तिची इंग्रजी पुस्तिका ऑफिसच्या कपाटाबाहेर येत नाही. कारखान्यात दहापेक्षा कमी माणसं असतील आणि ईएसआय लागू नसेल, तर निदान बँकेतून पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा काढून द्या. वर्षाला ४३६ आणि २० रुपये हप्ता, प्रत्येकी २ लाखांचं संरक्षण. वयाची अट पहिल्याला १८ ते ५०, दुसऱ्याला ७०पर्यंत.

आणि एक कागद भिंतीवर लावा, मराठीत आणि हिंदीत. आजारी पडलं तर कुठल्या दवाखान्यात जायचं, कोणता दाखला आणायचा, ऑफिसात कुणाला भेटायचं, नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते कसं पाहायचं. एवढंच. येत्या पगाराला स्लिप हातात देताना दहा मिनिटं थांबून तो कागद वाचूनही दाखवा. पैसे तर तुम्ही दरमहा भरताच आहात; ते कशाचे, हे तरी माणसांना कळू द्या.