नाक दिसतं, श्वास दिसत नाही

माझं नाक वाकडं आहे. भुवयांच्या मधून सरळ निघतं, अर्ध्या वाटेत त्याचा विचार बदलतो आणि ते उजव्या गालाकडे कलतं. आरशात मला त्याची सवय झालीय. पण आरसा उलटं दाखवतो, त्यामुळे दुसऱ्या कुणी काढलेल्या फोटोत ते भलत्याच बाजूला गेलेलं दिसतं. प्रत्येक लग्नाच्या अल्बममध्ये मला नव्याने धक्का बसतो.

वसमत तालुक्यातलं आमचं गाव. सातवीत होतो. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या कपाळावर बाशिंग बांधत होतो. ढोल जवळ आला, बैल बुजला आणि त्याने मान झटकली. शिंग लागलं नाही, कपाळ लागलं. ‘शिंग नाही लागलं ना, मग देव पावला,’ असं म्हणत आजीने हळद दाबली. आमच्याकडे हळद पोत्यांनी असते. रक्त थांबलं. तिसऱ्या दिवशी नाक वांग्यासारखं सुजलं तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, प्रकाशाकडे धरला, ‘फ्रॅक्चर नाही’ म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. नाकाच्या आत कुणी बघितलं नाही. महिन्याभराने सूज उतरली तेव्हा शाळेत माझं नाव ‘वाकड्या’ पडलेलं होतं.

पुढची अकरा वर्षं मी तोंड उघडं ठेवून झोपलो. सकाळी घसा कोरडा, डोकं जड. आई म्हणायची, तोंड मिटून झोपायची सवय लाव. मास्तर म्हणायचे, वर्गात पेंगतो. बाबा म्हणायचे, मोबाईल. माझी डावी नाकपुडी जवळपास बंद आहे, हे या काळात कुणाच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. ज्याला दोन नाकपुड्यांनी श्वास घेणं आठवतच नाही, तो तक्रार तरी कशाची करणार?

आता दुसरी बाजू. माझी मावसबहीण स्कूटीवरून पडली, नाकाला मार लागला. चौथ्या दिवशी तिला नांदेडला तज्ज्ञाकडे नेलं. चौथ्या दिवशी! मला अकरा वर्षांत नेलं नव्हतं. घरच्यांना अचानक आरोग्याचं भान आलं होतं असं नाही. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. मावशीने तिथे विचारलेला पहिला प्रश्न होता, ‘दिसायलंय का हो डॉक्टर?’ दुसरा, नथ नीट बसेल ना. तिला श्वास घेता येतो का, हे विचारलं फक्त डॉक्टरांनी. तेव्हा कळलं की तिची एक बाजू अपघाताच्या आधीपासूनच चोंदलेली होती. बावीस वर्षांची मुलगी, आणि हे घरात कुणाला माहीत नव्हतं.

म्हणजे तिला नेलं ते दिसण्यासाठी, आणि मला नेलं नाही कारण पोराच्या दिसण्याला कोण विचारतंय. श्वास दोघांचाही हिशेबात नव्हता. माझं भांडण या हिशेबाशी आहे.

मराठीत नाक हा अवयव नाहीच, ती अब्रू आहे. नाक कापलं जातं, वर होतं, मुठीत धरावं लागतं, घासावं लागतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं येतात. मुलगी सुंदर असली की तिचं नाक चाफेकळी. श्वासाच्या बाजूने बोलणारी म्हण शोधू गेलो तर हाती लागली ती ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’, आणि तीही आपण दुसऱ्याला वठणीवर आणण्यासाठीच वापरतो. खरं तर त्या म्हणीत माझ्या अकरा वर्षांचं निदान होतं.

तर थोडं आत जाऊन बघू. नाकाचा वरचा एक तृतीयांश भाग हाडाचा, खालचा कूर्चेचा, म्हणजे कान दुमडल्यावर जशी लवचिक वस्तू हाताला लागते तिचा. दोन नाकपुड्यांच्या मध्ये पडदा असतो, तोही पुढे कूर्चेचा आणि मागे हाडाचा. हा पडदा म्हणजे तंबूचा मधला खांब. खांब वाकला की तंबूही त्याच्यासोबत कलतो. म्हणून बाहेरून वाकडं दिसणारं नाक बऱ्याचदा आतूनही वाकडं असतं. उलटही होतं, बाहेरून तलवारीसारखं सरळ नाक आणि आत पडदा इंग्रजी एस अक्षरासारखा. बहुतेक माणसांचा पडदा थोडाफार वाकडाच असतो आणि त्यातल्या बहुतेकांना काही त्रास नसतो. त्यामुळे हे वाचून लगेच टॉर्च घेऊन आरशासमोर उभं राहू नका.

आणखी एक गंमत. आपल्या दोन्ही नाकपुड्या एकाच वेळी सारख्या मोकळ्या नसतात. काही तास एक बाजू थोडी फुगते, मग दुसरी. योगातल्या स्वरशास्त्राने हे फार पूर्वी टिपलं, इडा-पिंगळा म्हणून. आधुनिक वैद्यकात कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरने 1895 मध्ये त्याचं वर्णन केलं. म्हणून चोंदणारी बाजू बदलत असेल तर तो निसर्ग असू शकतो. कायम एकच बाजू बंद राहत असेल, तर मात्र कुणीतरी आत डोकवायला हवं.

आपण काय करतो? बाम लावतो. बाममधला मेंथॉल नाक उघडत नाही. हवा आत जाताना नाकाच्या अस्तराला जो गारवा जाणवतो, त्यावरून मेंदू ठरवतो की श्वास येतोय. मेंथॉल त्याच नसांना गार वाटायला लावतो. वाट तेवढीच अरुंद, फक्त मेंदूला वाटतं मोकळी झाली. त्यापुढची पायरी मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करणारे थेंब. पाच मिनिटांत जादू होते. पण काही दिवसांपेक्षा जास्त वापरले की थेंबांचा असर उतरल्यावर अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं, मग पुन्हा थेंब. बारावीचं पूर्ण वर्ष मी अशी एक बाटली खिशात घेऊन फिरलो. दर दुसऱ्या आठवड्याला नवी बाटली मागणाऱ्या पोराला कुणी विचारलं नाही, काऊन लागते रे तुला एवढी? त्यात आमच्याकडे सोयाबीनच्या मळणीची धूळ, हळद दळतानाची धूळ. वाकड्या पडद्यावर ॲलर्जीची सूज चढली की उरलेली फटही जाते.

एक कबुली द्यायला हवी, नाहीतर हे लिखाण एकतर्फी होईल. मी पोलीस भरतीची तयारी केली होती. सोळाशे मीटरमध्ये मागे पडलो आणि त्याचं खापर कित्येक वर्षं नाकावर फोडलं. ते खोटं होतं. जोरात धावताना सगळेच तोंडाने श्वास घेतात, सरळ नाकवालेही. मी मागे पडलो कारण माझा सराव कमी होता. नाकाने माझी झोप नासवली, आणि झोपेविना सराव किती होणार हा प्रश्न आहेच, पण धावलो नाही ते मी.

आता त्यांच्याकडे वळतो जे म्हणतात, नाक सरळ करून घेणं म्हणजे श्रीमंतांचे चोचले. त्यांच्यासाठी एक जुना माणूस आणतो. कावसजी नावाचा बैल हाकणारा होता, शेतकरी जातीचा मराठा, इंग्रजी फौजेच्या नोकरीतला. 1792 च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवं नाक करून दिलं. इंग्रजी वृत्तांतात त्या वैद्याचं नाव नाही, जात आहे: विटा करणारा, म्हणजे आपला कुंभार. त्याने मेणाचं नाक बनवून मोजून बघितलं, ते कपाळावर सपाट पसरून तेवढी कातडी आखली, ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली, भुवयांच्या मधला सांधा तसाच ठेवला म्हणजे रक्त मिळत राहील, आणि वर कात पाण्यात कालवून त्याची पट्टी लावली. विड्यात घालतो तोच कात. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. ऑक्टोबर 1794 च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ती चित्रासह छापून आली. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूने 1814 मध्ये तशीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपात प्लास्टिक सर्जरीचं नवं पर्व सुरू झालं.

सुश्रुताचं नाव घेऊन छाती फुगवणारे पुष्कळ आहेत. मला त्या बिननावाच्या कुंभाराबद्दल आणि त्याच्या पेशंटबद्दल जास्त वाटतं. कावसजी श्रीमंत नव्हता. त्याला चार लोकांत उभं राहायचं होतं, एवढंच. ते चोचले असतील तर मग पोटाची भूकही चोचलेच म्हणायची.

आज हीच रेघ विमा कंपन्या कागदावर ओढतात. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विम्यात बसत नाही. अपघातानंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीय गरज असेल तर बसते. शिवाय अनेक पॉलिसींमध्ये वाकड्या पडद्यासाठी दोन वर्षं थांबायची अट असते. ही रेघ कागदावर सोपी आहे. पण ज्याचा खांब आणि तंबू दोन्ही वाकलेत, त्याचं कुठलं काम गरजेचं आणि कुठलं हौसेचं? फक्त आतला पडदा सरळ करतात तेव्हा बाहेरचं नाक साधारण आहे तसंच राहतं. काही जणांत बाहेरची चौकट हलवल्याशिवाय आतली वाट मोकळीच होत नाही. माझ्या मावसबहिणीचं तसंच होतं. तिची फाईल तीनदा परत आली.

आणि दुसऱ्या टोकाला रील्स आहेत. ‘आधी’ आणि ‘नंतर’, मागे गाणं. त्यात ‘नंतर’ श्वास कसा आहे, हे कधी नसतं. नाक फार बारीक केलं तर आतली वाटही आवळली जाऊ शकते, हे तर कुणीच सांगत नाही. तुमच्यापैकी जे सेल्फी बघून नाकावर रुसलेत, त्यांनी एवढं ऐका: 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी गणिताने दाखवलं की साधारण 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. तुमचा हात आखूड आहे, नाक मोठं नाही.

मग शस्त्रक्रियेने खरंच फरक पडतो का? डॉक्टरांमध्येही याबद्दल वाद होता. 2019 मध्ये नेदरलँड्समधला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आणि 2023 मध्ये ब्रिटनमधला ‘बीएमजे’मध्ये आला. दोन्हींत त्रास असलेल्या माणसांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती आणि दोन्हींत पडदा सरळ केलेल्यांना बिनशस्त्रक्रियेच्या उपचारांपेक्षा जास्त बरं वाटलं. याचा अर्थ प्रत्येकाने टेबलावर झोपावं असा नाही. ॲलर्जीचाच त्रास असेल तर स्प्रे पुरतो. घोरण्याचं कारण दरवेळी नाकात नसतं. माझं होतं. चोविसाव्या वर्षी मी फक्त पडदा सरळ करून घेतला, नांदेडच्या त्याच डॉक्टरांकडे. आठवडाभर नाकात पट्ट्या होत्या. त्या निघाल्या आणि डावीकडून गार हवा टाळूच्या मागे जाऊन आदळली तेव्हा मी खरंच घाबरलो. काहीतरी फाटलं असं वाटलं.

बाहेरून नाक तसंच ठेवलं. बहिणीने बाहेरूनही सरळ करून घेतलं. लग्न तिने अजून केलेलं नाही, करायचं तेव्हा करेल.

राग मात्र त्या तिसऱ्या दिवसाच्या एक्स-रेवर आहे. नाकाच्या मारात एक्स-रे फारसा कामाचा नसतो, आत बघावं लागतं. पडद्याच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिला वरच्या अस्तरातून पोषण मिळतं. मारामुळे या दोहोंच्या मध्ये रक्त साचलं तर काही दिवसांत कूर्चा मरते आणि नाक मधून बसतं. मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या एकदम बंद झाल्या, आत मऊ जांभळट फुगवटा दिसला, तर त्याच दिवशी ते रक्त काढावं लागतं. हाड सरकलं असेल तर सूज उतरल्यावर, मुलांमध्ये आठवड्याच्या आत आणि मोठ्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांच्या आत, ते जागेवर बसवता येतं. त्यानंतर ते जिथे आहे तिथेच जुळतं. माझं सगळं प्रकरण या काही दिवसांत मिटलं असतं.

आमच्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो उभं राहतंय, 2600 कोटींचं. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा. प्रोटॉनहून हजारो पटींनी छोटी हालचाल ते मोजणार. मला त्याचा अभिमान आहे, पाहुणे आले की मीच सांगतो. 2024 मध्ये हिंगोलीला सरकारी मेडिकल कॉलेजही सुरू झालं. तिथे शिकणाऱ्यांनो, तुमच्यातले काही जण दोन-चार वर्षांनी इथल्याच एखाद्या गावच्या दवाखान्यात बसाल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एखादं पोरगं येईल, नाक सुजलेलं, सोबत आजी, आजीच्या बोटांना हळद. आजी म्हणेल, शिंग लागलं नाही. एक्स-रेचा कागद बाजूला ठेवा आणि टॉर्च काढा.