ही चीज कोणाकडून?

गेल्या गुरुपौर्णिमेस आमच्या वर्गातील एका मुलीने ‘प्रेमपिया’ ही मुद्रा असलेली एक बंदिश म्हटली. प्रेमपिया म्हणजे उस्ताद फैयाझ खाँसाहेब, हे बडोद्यातील जुन्या घरांना सांगावयास नको. घरच्या मंडळींनी हौसेने त्या गाण्याचे चित्रण एका मोठ्या कंपनीच्या समाजमाध्यमावर ठेवले. दुसऱ्या दिवशी पाहतात तो मुलीचे ओठ हलताहेत, पण आवाज नाही! खाली सूचना होती, की हे संगीत दुसऱ्याच्या मालकीचे आहे. मालक कोण आणि त्याचा पुरावा काय, याविषयी एक अक्षर नव्हते.

खाँसाहेब १९५० साली याच शहरात निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे रचनेवरील हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे २०१० अखेर तो संपला. ध्वनिमुद्रिकेवर कोणाचा हक्क असू शकेल. परंतु मुलगी स्वतःच्या गळ्याने गात होती. आम्ही तक्रार केली, तिला यंत्रानेच उत्तर दिले. तीन आठवड्यांनी आवाज परत आला. तो का गेला होता, हे आजतागायत कोणी सांगितलेले नाही.

प्रस्तुत लेखकाचे वडील संस्थानच्या अखेरच्या वर्षांत दरबारी कलावंत होते. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले तेव्हा त्यांनी नुकतीच विशी ओलांडली होती; मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबारी चाकरीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. तेथेही नियम होते, दंड होते, आणि धन्याची मर्जी तर होतीच. परंतु दंड कोणी केला हे कलावंतास ठाऊक असे आणि अर्ज कोणाच्या हाती द्यावयाचा हेही ठाऊक असे. आजच्या धन्याला चेहरा नाही, आणि त्याच्या देवडीवर बसलेल्या यंत्राला कान असले तरी विवेक नाही.

सरकारने तोंड बंद केले तर निदान न्यायालयाची पायरी चढता येते. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना, मुंबई बंदविषयी प्रश्न विचारणाऱ्या चार ओळींपायी अटक झाली. एकीने त्या लिहिल्या होत्या, दुसरीने पसंती दर्शविली होती. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरविले आणि त्याची कारणे विस्ताराने दिली. परंतु घटनेच्या १९ व्या कलमातील भाषणस्वातंत्र्य हे मुख्यतः सरकारविरुद्धचे कवच आहे. कंपनीने आपल्या नियमावर बोट ठेवून आवाज काढून घेतला, तर ते कवच फारसे कामास येत नाही. २०२३ पासून अशा तक्रारींसाठी अपील समित्या आहेत खऱ्या. पण त्या नेमते सरकारच. एका धन्याविरुद्धची दाद दुसऱ्या धन्याकडे मागावयाची!

मग सर्वांनी वाटेल ते बोलावे आणि पसरवावे काय? तसेही नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आली या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. तशा अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून हातोहात फिरत होत्या. त्यानंतर कंपनीने एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा भारतात घातली. मर्यादा योग्यच, परंतु पाच ठिकाणी पाठविलेले असत्य असत्यच राहते. खोटे ओळखण्याचे काम कंपनीच्या कळीवर सोपविणारा समाज खरे ओळखण्याची सवयही गमावून बसतो.

आपल्या संगीतात ही सवय फार जुनी आहे. कोणी नवी चीज म्हटली की जाणता श्रोता पहिला प्रश्न करतो: “ही चीज कोणाकडून घेतलीत?” त्यात उत्सुकता असते, तशी पारखही असते. गुरूचे नाव सांगता आले नाही तर चीज टाकून देत नाहीत. ती राखून ठेवतात, दुसऱ्या घराण्याच्या पाठाशी ताडून पाहतात, शब्द कोठे बिघडले ते शोधतात. मौलाबक्षांनी १८८६ साली येथे गायनशाळा उभारली. वर्गात शिकविताना सुरांइतकीच मला या प्रश्नाची सवय लावावीशी वाटते, कारण विचारी मनाची तालीम तीच आहे.

राईनपाड्याची अफवा ज्यांच्या हाती आली त्यांनी हा प्रश्न विचारला नाही. आमच्या विद्यार्थिनीचा आवाज बंद करणाऱ्या यंत्रानेही तो विचारला नाही. एका ठिकाणी बोलणारा निनावी, दुसऱ्या ठिकाणी गप्प करणारा निनावी; दुखणे एकच.

म्हणून कंपन्यांकडे आमचे मागणे मोठे नाही. आवाज बंद करावयाचा असेल तर कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या कारणाने, हे माणसाने माणसाला सांगावे. वाचकांकडे मागणे याहूनही लहान आहे. आज रात्री हातात आलेला निरोप कुटुंबाच्या गटावर ढकलण्यापूर्वी, ज्याने तो पाठविला त्याला एकदा विचारावे: ही चीज कोणाकडून? उत्तर न मिळाल्यास ती आपल्यापाशीच ठेवावी.