‘बोलेल की उशिरा’

दोन वर्षांचे मूल बोलत नाही म्हटले, की घरातले वडीलधारे धीर देतात, ‘त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ या धीरात माया असते, पण मोलाचे महिने त्यातच जातात. जन्मतः ऐकू न येणारे बाळही सुरुवातीला हुंकार देते, आईकडे पाहून हसते, दार आपटले की हादऱ्याने वळते. टाळी वाजवून घेतलेल्या घरगुती परीक्षेत ते पासही होते, कारण हलणारा हात त्याला दिसतो. म्हणूनच पहिल्या महिन्यात श्रवणाची चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार अशी मुदत जगभर मानली जाते. भाषेसाठी मेंदूची घडण पहिल्या तीन वर्षांतच सर्वाधिक वेगाने होते.

हिंगोली जिल्ह्यात बीसीजीची लस जशी ठरलेली, तशीच प्रत्येक नवजात बाळाची ओएई चाचणीही ठरलेली असावी. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी ठेवून आतल्या कानाचा प्रतिसाद काही मिनिटांत टिपता येतो. तज्ज्ञ कुठून आणायचे, असे विचारले जाईल. पण ही चाळणी प्रशिक्षित परिचारिका करू शकते. तज्ज्ञ लागतो तो निदान पक्के करणाऱ्या पुढच्या बेरा चाचणीला. नवी योजनाही नको, २०१३च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आहेच. मामे-आते भावंडांची लग्ने मराठवाड्यात आजही होतात आणि जवळच्या नात्यात आनुवंशिक बहिरेपणाची शक्यता वाढते. इथे तर ही निकड अधिकच आहे.

खरा बिनतोड आक्षेप वेगळा आहे: पुढची सोय नसेल, तर निदान करून काय करायचे? तो मला मान्य आहे. श्रवणयंत्र आवाज पोहोचवते, भाषा शिकवत नाही. सरकारी मदतीने कॉक्लियर इम्प्लांट बसले, तरी पुढे कित्येक महिने नियमित वाचा-उपचार लागतात. काही कर्णबधिर म्हणतात, आम्ही आजारी नाही, सांकेतिक भाषा हीच आमची भाषा. तेही खरे, पण ती भाषा आईबापांनी वेळेवर शिकायची, तरी बाळ आधी ओळखले गेले पाहिजे. म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञ ठरलेल्या वारी सेनगाव, औंढा, कळमनुरी, वसमतला यायला हवा. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले मूल फडावर असतानाही त्याचे धडे फोनवरून सुरू राहावेत. आणि दर आठवड्याला मुलाला घेऊन निघणाऱ्या आईचा बुडालेला रोज नि एसटीचे भाडे, हा उपचाराचाच खर्च धरून सरकारने द्यावा.