पाच डॉलरचं तिकीट आणि आपले सवाल



गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर चहा चालला होता. मंडळातल्या एका काकूंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "अगं, तुझा मुलगा ते रॉक का काय ऐकतो म्हणे? सांभाळ गं बाई. त्या गाण्यामागनं बाटली येतेच." चार जणी हसल्या. मीही हसले आणि कपबशा गोळा करायला उठले. घरी येईपर्यंत मात्र माझ्याच हसण्याची मला लाज वाटायला लागली. तिथं जे बोलायला हवं होतं ते आज इथं लिहिते. थोडं तिखट होईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. माझा मुलगा ज्या बँडवरून मित्रांशी तासन्‌तास वाद घालतो, त्या बँडने नशा, पैसा आणि हिंसा या तिन्ही बाबतींत जी मर्यादा पाळली, ती मला आपल्या मंदिरातल्या कार्यक्रमांत आज शोधावी लागते. न ऐकता नावं ठेवण्याआधी आपण आपल्या पायाखाली बघावं.

बँडचं नाव फुगाझी. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरातले चौघे: इयन मॅके, गी पिचिओटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी. पहिला कार्यक्रम सप्टेंबर 1987 मध्ये, शेवटचा नोव्हेंबर 2002 मध्ये लंडनला. या पंधरा वर्षांत हजारावर कार्यक्रम. मी ऐकलंय का? ऐकलंय. पहिल्या दिवशी मिक्सरमध्ये चमचा राहिल्यासारखं वाटलं आणि मी ते बंद करायला लावलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी कळलं की गोंगाटाच्या तळाशी बास गिटारची एक चाल शांतपणे चाललेली असते आणि बाकीचे तिला धरून उड्या मारत असतात. आजही सगळं आवडतं असं नाही. पण आवडणं वेगळं आणि निकाल देणं वेगळं.

आता त्या बाटलीचं बघू. फुगाझीच्या आधी मॅके 'टीन आयडल्स' नावाच्या पोरसवदा बँडमध्ये होता. 1980 मध्ये ही मुलं कॅलिफोर्नियाला वाजवायला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये वय कमी असलेल्यांच्या हातावर काळ्या शाईने फुली मारायचे, म्हणजे त्यांना कुणी दारू देऊ नये. ही फुली त्यांनी वॉशिंग्टनला आणली आणि तिथल्या क्लबवाल्यांना सांगितलं, आमच्या हातावर फुली मारा पण आम्हाला गाणं ऐकायला आत घ्या. पुढं मॅकेच्या 'मायनर थ्रेट' या बँडने 1981 मध्ये 'स्ट्रेट एज' हे पाऊण मिनिटाचं गाणं काढलं. नशा मला नको, एवढाच त्याचा आशय. त्यातून जगभर एक चळवळ उभी राहिली. मनाईची खूण असलेली फुली पोरं आपल्या हातानं काढायला लागली. दारूशिवाय करमणूक नाही असं जिथं सगळे धरून चालले होते, तिथं वीस वर्षांच्या आतली पोरं उभी राहून नको म्हणाली.

माझा मुलगा पुण्याला हॉस्टेलवर राहतो. पहिल्याच वर्षी खोलीतल्या पार्टीत त्याच्यापुढे ग्लास आला आणि त्यानं नाही म्हटलं. मी सुखावून म्हटलं, "बघ, पाठशाळेचे संस्कार." तो म्हणाला, "आई, पाठशाळेत पाप लागतं हे शिकलो. पण चारचौघांत न लाजता 'मला नको' म्हणायचं कसं, ते या गाण्यांतनं शिकलो." मला ते लागलं. आपण मुलांना त्यागाची यादी दिली: रात्री खायचं नाही, कंदमुळं खायची नाहीत, हे नाही, ते नाही. ती यादी ताठ मानेनं मिरवायची कशी, हे शिकवायला मात्र विसरलो.

दुसरी गोष्ट पैशाची. फुगाझीच्या कार्यक्रमाचं तिकीट साधारण पाच डॉलर असायचं आणि कार्यक्रम सगळ्या वयाच्या लोकांना खुला. गर्दी हजारोंची व्हायला लागली तरी तिकीट वाढवायचं नाही, हा हट्ट. त्यांनी स्वतःच्या नावाचे टी-शर्ट विकले नाहीत. बाहेर लोक चोरून छापायचे. एकाने तर 'हा फुगाझीचा टी-शर्ट नाही' असंच छापलं! मॅनेजर नाही, मोठ्या कंपन्यांची बोलावणी नाकारलेली. दारू-सिगारेटच्या जाहिराती छापणाऱ्या मासिकांना ते मुलाखतीही देत नसत. रेकॉर्ड निघायच्या त्यांच्या घरच्याच 'डिस्कॉर्ड' कंपनीकडून. ही कंपनीसुद्धा 1980 मध्ये कार्यक्रमांतून साठलेले पैसे वाटून न घेता, त्यातून स्वतःची रेकॉर्ड काढायला सुरू झाली. पहिली कव्हरं पोरांनी हातानं कापली, घडी घातली, चिकटवली. उन्हाळ्यात आपण पापड लाटायला बसतो तशीच ती बसली असतील. बँडशी लेखी करार नाही, शब्दावर व्यवहार आणि नफा वाटून. कव्हरवर किंमत छापलेली, म्हणजे दुकानदारानं मनमानी करू नये.

आपल्याकडे याला शब्द आहे: परिग्रहपरिमाण. इतकं पुरे, याच्यापुढं नको, अशी स्वतःच घालून घेतलेली रेघ. आपण हे व्रत पाठ करतो. त्या चौघांनी शब्द न ऐकता रेघ मारली आणि पंधरा वर्षं ओलांडली नाही.

आणि आपण? आपल्या मोठ्या पूजेत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. सौधर्म इंद्र-इंद्राणी कोण होणार? सवाल. शांतिधारा कुणाची? सवाल. माईकवर आकडा चढत जातो, टाळ्या पडतात, मुनिमहाराज समोर बसलेले असतात. ज्यांनी एक धागाही जवळ ठेवला नाही त्यांच्यासमोर आपण मानाचा लिलाव करतो आणि दशलक्षणात उत्तम आकिंचन्याची पूजाही करतो. आमच्याकडच्या एक आजी दहा दिवस उपवास करून भिंतीला टेकून बसल्या होत्या. शांतिधारेच्या वेळी त्यांचा मुलगा पुढं जाऊन आठ हजारांपर्यंत बोलला आणि थांबला. आकडा पुढं गेला. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त पदर सारखा केला. त्या पदराची आठवण आली की मला पाच डॉलरचं तिकीट आठवतं.

"पैसा लागतोच, मंदिर कशावर चालणार?" हे उत्तर मला माहीत आहे. लागतो. फुगाझीलाही हॉलचं भाडं, गाडीचं पेट्रोल, चौघांचं जेवण लागतच होतं. त्यांनी उलटं गणित केलं: खर्च कमी ठेवला म्हणजे दारात कुणाला अडवावं लागत नाही. आणि दान द्यायला कोण नको म्हणतंय? माझं भांडण बोलीशी आहे. आता हे बघा. 2011 पासून या बँडने आपल्या जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर ठेवायला सुरुवात केली, आठशेच्या वर. त्यांनी सुचवलेली किंमत पाच डॉलर, पण एक डॉलरपासून शंभरपर्यंत जे जमेल ते द्या. कुणी किती दिलं हे माईकवर कुणी सांगत नाही. याला आपल्याकडे गुप्तदान म्हणतात, आणि आपण त्याची स्तुती फक्त प्रवचनात ऐकतो.

तिसरी गोष्ट हिंसेची. असल्या कार्यक्रमांत पोरं एकमेकांच्या अंगावर आदळतात, डोक्यावरून लाथा जातात. फुगाझी अशा वेळी गाणं मध्येच थांबवायचे आणि दांडगाई करणाऱ्याला नाव ठेवून समज द्यायचे. नाहीच ऐकलं तर पाकिटात घातलेले पाच डॉलर हातात ठेवून त्याला बाहेर काढायचे. जेम कोहेन यांच्या 'इन्स्ट्रुमेंट' (1999) या माहितीपटात एक प्रसंग आहे. पिचिओटो एका दांडगटाला भर कार्यक्रमात सांगतो की मघाशी तुला लहान पोरासारखं आइस्क्रीम खाताना बघितलं, तू काही एवढा शूर नाहीस. शिवीही घालतो, तेव्हा भाषासमिती पाळली असं मी म्हणणार नाही. पण हेतू सरळ आहे: पुढं उभ्या असलेल्या बारक्या पोरापोरींना श्वास घेता यावा.

यावर त्यांचे चाहतेच दोन तट करून आहेत. काही म्हणतात, मॅके प्रवचन झोडतो, पैसे देऊन आलेल्यांची मजा घालवतो. यात मी प्रवचनकाराच्या बाजूची! मजा कुणाची आणि कुणाच्या बरगड्यांवर, हे आधी विचारा. त्याच सुमारास 'बिकिनी किल' या मुलींच्या पुढाकाराने चाललेल्या बँडची कॅथलीन हॅना मुलींना पुढं बोलावून घ्यायची आणि मुलग्यांना मागं सरकायला सांगायची. त्यांची 1992 ची रेकॉर्ड करायला मॅकेनंच मदत केली होती. आपल्या मंडपात बायका कुठं बसतात? मागं. पुढचं काही दिसलं तर दिसलं.

आता मुलाच्या बाजूनं एवढं बोलले म्हणून त्यानं खूश होऊ नये. त्याचीही पाळी आहे.

दिवाळीत त्याचे दोन मित्र घरी आले होते. दिवस बुडायच्या आत जेवणं झाली आणि तिघं वादाला बसले. एकाचं म्हणणं, 'रिपीटर' (1990) हाच कळस. दुसरा म्हणाला, शेवटचा 'द आर्ग्युमेंट' (2001) सगळ्यांत पक्व. माझ्या चिरंजीवांनी दोघांना वेड्यात काढलं: स्टुडिओत बंद केलेलं गाणं ऐकणं म्हणजे लोणच्याच्या बरणीवरून कैरी ओळखणं, खरं ऐकायचं तर कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं. मग 'इन ऑन द किल टेकर' (1993) निघाला. तो आधी शिकागोला स्टीव्ह अल्बिनी यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित केला, बँडला पसंत पडला नाही, म्हणून बाजूला ठेवून घराजवळच्या स्टुडिओत पुन्हा केला. टाकलेली टेप मात्र चाहत्यांत फिरत राहिली आणि काहींना तीच जास्त आवडते. करणाऱ्यांनी टाकलेलं आपण ऐकावं का, यावर रात्री अकरापर्यंत खल!

वाद चांगलाच होता. तिघांनी इतकं बारकाईनं ऐकलेलं होतं की मला हेवा वाटला. प्रवचन ऐकून आपण इतकं भांडतो का? "छान झालं" म्हणतो आणि चपला शोधतो. पण बोलता बोलता सूर बदलला. 'ज्याला अमुक रेकॉर्ड कळत नाही तो खरा चाहता नाही.' 'तमुक बँड मोठ्या कंपनीकडे गेला, म्हणजे विकला गेला, त्यांचं नाव काढू नका.' तिथं मी ओट्यावरून हाक मारली, "स्यात् कुठं गेलं रे?" हा बँड यादी न ठरवता वाजवायचा, कुठलं गाणं कधी येईल ते जागेवर ठरायचं. एकच गाणं शेकडो कार्यक्रमांत शेकडो तऱ्हांनी वाजलेलं आहे. अनेकांताचा इतका सोपा धडा कानात घालून फिरायचं आणि तोंडानं एकांत बोलायचा?

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. स्ट्रेट एजचंच बघा. मॅकेनं 1983 च्या सुमारासच स्पष्ट केलं होतं की हे माझ्यापुरतं आहे, इतरांसाठी नियम नाही. तरी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत काही पोरं सिगारेट ओढणाऱ्यांना, दारू पिणाऱ्यांना मारहाण करायला लागली. पोलिसांनी त्यांना टोळी म्हणून धरलं. दारू न पिणारे, मांस न खाणारे, आणि हातात काठी! व्रत स्वतःवरून सुटलं आणि शेजाऱ्याच्या पाठीवर पडलं की त्याची हिंसाच होते.

काकू, रविवारचं तुमचं वाक्य त्याच जातीचं होतं. काठी नव्हती, चहा होता, एवढाच फरक.

तेव्हा माझ्या दोन मागण्या. मुलांनो, हवं तितकं भांडा, पण समोरच्याची आवड म्हणजे त्याचं चारित्र्य समजू नका. आणि मंडळातल्या बायांनो, येत्या पर्वात निदान एका दिवसाच्या शांतिधारेचा सवाल बंद करून चिठ्ठ्या टाकूया. ज्यांना द्यायचं ते पेटीत टाकतील. खर्चात तूट आली तर पहिल्या वर्षाची भरपाई जमेल तेवढी मी करीन. आकडा मात्र माईकवर सांगणार नाही.

कुणाचं मन दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. म्हणणं मात्र मागं घेत नाही. चिठ्ठ्या करायला मी कागद कापून ठेवलेत. त्यातली एक त्या आजींच्या नावाची आहे.