उत्तरेचा उजेड

हिऱ्याचा पारखी पुडी उघडतो ती उत्तरेच्या खिडकीशी. थेट उन्हात हिरा इतका झगमगतो आणि पैलूंत इतक्या गडद छाया उमटतात की त्याचा अंगचा रंग कळत नाही. उत्तरेचा उजेड आकाशातून पसरून येतो, छाया मवाळ होतात. पांढऱ्या कागदाच्या घडीत पालथा ठेवलेल्या खड्याची पिवळसर झाक बाजूने पाहताच दिसते. सायंकाळच्या तांबूस प्रकाशात तीच झाक हरवते. मुंबईत या नियमालाही मुरड घालावी लागते. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्यच किंचित उत्तरेस असतो.

काही हिरे तर दिवसाच्या उजेडातील अतिनील किरणांनी निळसर उजळतात आणि त्यांचा पिवळेपणा झाकला जातो. रात्री दिव्याखाली तो पुन्हा प्रकटतो. अशा खड्याला केवळ खिडकीशी दाखवून वरच्या रंगाचा भाव घेणे कितपत योग्य? तत्त्वार्थसूत्राने ‘प्रतिरूपक व्यवहार’ हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. येथे खडा खोटा नसतो, हे खरे. तरी दिव्याखालचा रंग झाकून ठेवणारा विक्रेता त्या अतिचारापासून फार दूर नसतो. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात या दीप्तीची नोंद असते. प्रमाणपत्राविना विकल्या जाणाऱ्या बारीक खड्यांच्या पुडीवर मात्र ती विक्रेत्यालाच लिहावी लागते.