मधली पाच वर्षे कुठे गेली?

कार्टून पाहून मुलांचे डोके बिघडते, असे म्हणणाऱ्या पालकांनी एकदा मुलांच्या शेजारी बसून त्यांचे वाद ऐकावेत. आमच्या भिवंडीच्या गल्लीत यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून ही मुले भांडतात, ती कोण जास्त बलवान यावरून नव्हे, तर चक्क काळाच्या हिशेबावरून. 'हा तर रॉबिन होता, मग नाइटविंग कधी झाला? मधली वर्षे कुठे गेली?'

भानगड अशी आहे. 'यंग जस्टिस' या अमेरिकी मालिकेचे पहिले पर्व २१ एप्रिल २०१२ रोजी संपले आणि दुसरे २८ एप्रिलला सुरू झाले. प्रेक्षकांचा आठवडा गेला, कथेतली मात्र पाच वर्षे! जुना रॉबिन मोठा होऊन नाइटविंग झालेला, त्याच्या जागी नवाच रॉबिन, आणि या दोघांच्या मधला एक रॉबिन चक्क मरून गेलेला. त्याचे स्मारक तेवढे ओझरते दिसते. १९९२ च्या बॅटमॅन मालिकेतही असाच खड्डा आहे. १९९७ मध्ये ती नव्या रूपात आली, तेव्हा डिक ग्रेसन बॅटमॅनला सोडून गेला होता. का गेला, हे १९९८ मधल्या 'ओल्ड वूंड्स' या भागात कळले. उशिरा का होईना, सांगितले हे महत्त्वाचे.

आपल्याकडे ही कटकटच नाही. 'छोटा भीम' २००८ मध्ये सुरू झाला. तेव्हाची प्रेक्षक मुले आज नोकरीला लागली, पण ढोलकपूरचा भीम अजून लाडूच खातो आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकांमागून पुस्तके शाळकरीच राहिला आणि २०१७ च्या चित्रपटात एकदम तरुण होऊन अवतरला. त्यातही गंमत आहे, माझी तक्रार नाही. पण मला विचाराल तर मुलांना काळ पुढे सरकणारी गोष्ट अधिक हवी असते, कारण त्यांचा स्वतःचा काळ तसाच सरकतो.

मार्च २०२० मध्ये पहिलीत असलेली कितीतरी मुले वर्गात परतली ती थेट तिसरीत. दरम्यान माग थांबले, कामगार उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणाकडे निघून गेले. काही परतले, काही नाही. घराघरांतून आपण मोठ्यांनी 'झाले गेले, आता अभ्यासाला लागा' म्हणून तो विषय मिटवला. मागावर उभा धागा तुटला तर कामगार माग थांबवून आधी गाठ मारतो. तसाच रेटला तर कापडात लांबच लांब रेघ उमटते. हे भिवंडीकरांना मी काय सांगावे?

मालिकावाल्यांना जाब विचारणारी मुले आपल्यालाही विचारू लागली आहेत, आणि ते मला आवडते. त्यांना 'गप बस' म्हणू नये. परवा नातवाने विचारले, 'आजोबा, पहिलीत माझ्या बाकावर बसणारा मुलगा कुठे गेला?' त्याचे वडील लूमवर होते आणि सगळे गावी गेले, एवढेच मला सांगता आले. कारखान्याच्या जुन्या मुकादमाकडे चौकशी करायला आम्ही दोघे आज संध्याकाळी जाणार आहोत.